खडूच्या गोळ्या

माझ्या घरात औषधाची बाटली वाजत नाही. बाटली आली की आधी झाकण काढायचं, आत कापसाचा बोळा कोंबायचा आणि मगच ती फडताळात ठेवायची, हा माझा नियम. सुनेला तो म्हातारचळ वाटतो. वाटू दे. परवा आम्ही दोघी माहीमला औषधाच्या दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "आजी, प्रेशरची गोळी जेनेरिक देऊ की कंपनीची?" मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "कंपनीचीच द्या हो, त्यांच्या जिवाशी खेळ नको." ती मायेनंच म्हणाली, मला काय कळत नाही? पण माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "मला बिननावाचीच द्या. खाणारी मी आहे." दुकानातली माणसं बघायला लागली, सुनेचं तोंड उतरलं. 

तिला मी काय सांगणार होते? ही गोष्ट मी नवऱ्यालाही कधी धड सांगितली नाही. तो गेला बिचारा, त्याला वाटायचं माझा भाऊ तापानं गेला. आता ऐंशी उलटली, कुणाची भीडभाड राहिली नाही, म्हणून लिहिते.

आम्ही लालबागला राहायचो, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. एक खोली, खोलीतच मोरी, बाहेर सामायिक गॅलरी. घरात तीन माणसं, आई, दादा आणि मी. वडील माझ्या लहानपणीच गेले. कापूस छातीत भरून गेले, असं आई म्हणायची. त्यांच्या जागी दादा गिरणीत लागला, साळखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायला, मिशी नीट फुटायच्या आधी. घर त्याच्या पगारावर चालायचं. मी मॅट्रिक झाले होते आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. आईला त्याचं कौतुक नव्हतं. चार बुकं जास्त शिकलेली मुलगी आता कोण पत्करणार, हा तिच्या जिवाला घोर.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. भिंतीभिंतीवर गेरूनं लिहिलेलं, मैदानात सभा, नाक्यावर शाहिरांचे फड, आणि आमचा दादा कुठल्या सभेला नाही असं व्हायचंच नाही. पाळी सुटली की तो थेट मोर्चात. घरी यायचा तो घसा बसवून. आल्या आल्या माझी वेणी ओढायचा आणि त्या फाटक्या आवाजात म्हणायचा, "बाय, मुंबई मिळाली नाय अजून, पण भूक मात्र लागली." तो घरात आला की खोली भरायची. आई ओरडायची त्याच्यावर, पण ओरडताना तिचा हात भाकरीवर लोणी घालत असायचा. तो खोकायला लागला तेव्हा ती म्हणाली, घोषणा देऊन देऊन घसा सोलवटलाय. आम्हीही तसंच धरून चाललो.

आधी पकडली गेले ती मी. मलाही खोकला होता, संध्याकाळी बारीक ताप यायचा. शेजारच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, तशी ती मला पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेली. तो छातीच्या रोगाचा दवाखाना होता. रोगाचं नाव कुणी घ्यायचं नाही, 'छातीचं' एवढंच म्हणायचं. त्या पायरीवर ओळखीच्या कुणी पाहिलं की मुलीचं लग्न मोडलंच म्हणून समजा. आईनं माझ्या डोक्यावरून पदर कपाळाच्या खाली ओढला होता, मला समोरचं दिसत नव्हतं. छातीचा फोटो निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाई धिप्पाड होत्या, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्या म्हणाल्या, "डाग आहे. बरा होतो. औषध वर्षभर, एक दिवस चुकवायचं नाही. आणि घरातल्या सगळ्यांना तपासायला घेऊन या."

दादाला आई तिथं नेईना. तिथं गिरणीतलं कुणी भेटलं असतं, बातमी खात्यात गेली असती, मुकादमानं त्याला घरी बसवलं असतं. मग खायचं काय? तिनं त्याला नाक्यावरच्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. पडदा लावलेला दवाखाना, बाहेर बाक, आत पंखा. दादाचा डाग माझ्यापेक्षा मोठा निघाला, दोन्ही बाजूंना. डॉक्टरनं विलायती कंपनीच्या गोळ्या लिहून दिल्या. आईनं त्याला माझ्या पालिकेच्या गोळ्यांची पुडी दाखवली आणि ह्या चालतील का असं विचारलं. तो म्हणाला, "सरकारी मालाची हमी मी घेत नाही, बाई." एवढंच बोलला. त्याच्या मनात पाप होतं असं मी म्हणत नाही. पण त्या एका वाक्यानं आमच्या घरात दोन औषधं झाली.

सुया दोघांनाही टोचल्या जायच्या, मला पालिकेत, दादाला नाक्यावर. सुयांबद्दल आईची तक्रार नव्हती. सुई दिसते, दुखते, म्हणजे ती खरी. तिचा अविश्वास होता तो गोळ्यांवर. माझ्या गोळ्या दवाखान्यातल्या मोठ्या पत्र्याच्या डब्यातून निघायच्या. कंपाउंडर त्या कागदावर ओतायचा, सुरीच्या टोकानं मोजून बाजूला सारायचा आणि शेंगदाण्याच्या पुडीसारखी पुडी बांधायचा. गोळीवर नाव नाही, खूण नाही. दादाच्या गोळ्या तपकिरी काचेच्या बाटलीत यायच्या. वर निळं लेबल, सोनेरी रेघा, झाकणाखाली पांढराशुभ्र कापूस. तो कापूससुद्धा आईनं टाकला नाही, निरांजनाच्या वाती करायला ठेवला. माझ्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या त्या बाटल्यांपायी गेल्या. मला त्याचं दुःख झालं नाही, खरंच सांगते. दादासाठी मी कानातलंही काढून दिलं असतं.

आईला वेडी म्हणू नका. फुकट किंवा स्वस्त मिळालेल्या कुठल्या वस्तूत तिनं खोट पाहिली नव्हती? रेशनच्या तांदळात खडे, दुधात पाणी, रॉकेलात काहीबाही. पालिकेच्या दुसऱ्या दवाखान्यातलं खोकल्याचं मिक्श्चर म्हणजे रंगीत पाणी, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग ह्या गोळ्या खऱ्या कशावरून? ती पुडी उघडायची, गोळी बोटांत धरून उजेडाकडे करायची आणि आपल्या मालवणीत म्हणायची, "खडू गो हो. दुसरा काय?"

मी एकदा डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, ह्या गोळ्या खऱ्या आहेत ना म्हणून. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "औषध तेच आहे. त्यांनी त्याला नाव दिलं, बाटली दिली, जाहिरात केली, त्याचे पैसे. आमच्याला नाव नाही, म्हणून ते स्वस्त. तपासल्याशिवाय डब्यात येत नाही. घरात आणखी कुणी घेतंय का दुसरं?" मी मान हलवली, नाही म्हणून. आईनं बजावून ठेवलं होतं. घरी येऊन मी आईला त्यांचं म्हणणं सांगितलं. तिनं पाट्यावरून मान वर न करता उत्तर दिलं, "ती तसांच सांगतली. तिका सरकार पगार देता."

एकदा शेजारच्या काकूंनी विचारलंच, दोघांना दोन औषधं का म्हणून. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आई म्हणाली, "तो कमावतो. तेका बरां व्हया. तिका चलात."

तिका चलात. त्याला चांगलं हवं, तिला चालेल. त्या दोन शब्दांवर मी बरीच वर्षं जगले. खडू आहे असं स्वतःच म्हणायची ती, आणि तो खडू मला चालेल असंही तीच म्हणाली. माझ्या हातातला परकर तसाच राहिला. मी आत जाऊन भांडायला हवं होतं, एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नव्हते. पण दादाचा चेहरा इतका ओढलेला दिसायला लागला होता की तोंड उघडायचा धीर झाला नाही. रोज सकाळी मी गोळी जिभेवर ठेवायची आणि मनात म्हणायची, असशील तर औषध अस.

दादाला मात्र ह्या खडूची मजा वाटायची. "बाय, एक खडू मला दे, गिरणीच्या भिंतीवर लिहायचंय." मी गोळी घेतली की तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "हां, आता बोल, बे एके बे." मी त्याला चापट मारायची. तो हसता हसता खोकायचा, आणि खोकला सुरू झाला की आई मला डोळे वटारायची, त्याला हसवू नको म्हणून. मग आम्ही भिंतीकडे तोंड करून हसायचो.

आता चूक कुठं झाली ते सांगते. दादाला पहाटे घाम यायचा. अंगातला सदरा पिळून निघेल इतका. मलाही सुरुवातीला यायचा, मग कमी झाला. तो रोगाचाच घाम, हे मला नंतर कळलं. आईनं अर्थ लावला तो वेगळा. ती म्हणाली, विलायती औषध जोराचं, ते त्याला उष्ण पडतंय. आमच्याकडे उष्ण पडणं हे मोठं प्रकरण. कुळीथ उष्ण, पपई उष्ण, आणि उष्ण पडलं की मात्रा कमी करायची, वर दूध द्यायचं, ही तिची पिढीजात रीत. त्यात दादाच्या गोळीवर मधोमध एक बारीक रेघ होती. आईनं ती मला दाखवली. "बघ, कंपनीनच खूण करून दिलीहा. आर्धी पुरे."

आणि तिनं देवाच्या फळीवरून अडकित्ता घेतला. सुपारीचा अडकित्ता, वडिलांचा, पितळी मुठीचा. गोळी त्याच्या पात्यात धरली आणि कट्कन दोन केली. अर्धी दादाच्या हातावर, अर्धी परत बाटलीत. वर पेलाभर दूध, त्यात हळद. औषध महाग होतं म्हणून तिनं तसं केलं का? थोडं तेही असेल. बाटली लवकर संपली की पुढची कुठून आणायची हा प्रश्न होताच, मोर्चे आणि हरताळ ह्यांच्यात दादाचे खाडे पडत होते. पण नुसत्या पैशासाठी तिनं त्याच्या तोंडचं काढलं नसतं. तिला खरंच वाटत होतं की इतकी किमतीची वस्तू थोडीशीही पुरते. महागडं तूप वाढतात तसं ती औषध वाढत होती.

रोज दिवेलागणीला ती बाटली कानाशी धरून हलवायची. आत किती उरलं ते आवाजावरून ओळखायची. खुळखुळ, खुळखुळ. तो आवाज माझ्या डोक्यात बसलाय. आज कुणाच्या हातात बाटली वाजली की मी ती काढून घेते आणि आत कापूस कोंबते.

आणि मग ते करफ्यूचे दिवस आले. लालबाग-परळला गोळीबार झाला, रस्त्यावर नुसत्या काचा आणि चपला. दुकानं बंद, नाक्यावरचा दवाखाना बंद, गॅलरीतून डोकं काढलं तरी खालून शिट्टी वाजायची. पोलिसांनी अश्रुधूर सोडला तो वाऱ्यानं वर आला. आम्ही दाराला ओली चादर लावली, तरी तो आत शिरला. दादा उशीत तोंड खुपसून खोकत होता. त्यानं तोंड वर केलं तेव्हा उशीवर रक्त होतं, थोडंसंच. आईनं ती उशी लगेच उलटी केली. जणू तिनं बघितलंच नाही.

बाटली तळाला आली होती. आईनं अर्ध्याची पाव करायला घेतली. दुपारची वेळ, मोरीपाशी बसली होती ती, अडकित्ता हातात. गोळीचा नुसता चुरा होत होता आणि ती तो बोटानं टिपून कागदावर गोळा करत होती. माझ्याकडे पुडी होती, करफ्यू लागायच्या आधीच आणलेली, भरलेली. मला राहवलं नाही. मी पुडी उघडली, त्यातली एक अख्खी गोळी घेतली आणि दादापुढे तळहात केला. "दादा, माझ्यातली घे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. हसला. खडूवरून काहीतरी बोलणार होता, पण बोलायला दम नव्हता. मग त्यानं हात पुढे केला. बरं का, त्यानं हात पुढे केला होता, हे मी विसरणार नाही. त्याची बोटं माझ्या तळहाताला लागली आणि तेवढ्यात आईनं माझ्या हातावर फटका मारला. अडकित्ता तिच्या हातात होता, त्याची मूठ माझ्या मनगटाला लागली. "खडू घालतंस तेच्या तोंडात?"

गोळी उडाली, घरंगळत मोरीत गेली. मोरी ओली होती. गोळी जाळीशी अडकली आणि हळूहळू विरघळायला लागली, तिच्याभोवती पांढरं पांढरं पाणी झालं. आई त्या पाण्याकडे बोट करून म्हणाली, "बघ. खडूच तो." दादानं हात मागे घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. ह्या वेळेला हसायला नव्हे. मी बाजूला बसून मनगट चोळत राहिले.

करफ्यू उठला, बाटली आली, पुन्हा अर्धी सुरू झाली. पण दादा पुन्हा साळखात्यात गेला नाही. शेवटी त्याला इस्पितळात न्यावंच लागलं, आणि तिथं जाऊन तो फार दिवस काढू शकला नाही. सकाळी आई डबा घेऊन गेली तेव्हा कॉट रिकामी होती. ती डबा तसाच परत घेऊन आली, उंबऱ्याच्या आत ठेवला आणि चुलीपाशी बसून राहिली. रडली नाही. त्यानंतरही मी तिला रडताना पाहिलं नाही.

अख्खी गोळी मिळाली असती तर तो जगला असता का? मी ते डॉक्टरीणबाईंना पुढे विचारलं. त्या म्हणाल्या, त्याचा रोग फार पुढे गेलेला होता, सांगता येत नाही, पण अर्ध्या औषधानं रोग मरत नाही, औषधाला सरावतो. सांगता येत नाही. हेच तर वाईट. कुणी ठामपणे नाही म्हटलं असतं तर मी आणि आई दोघी सुटलो असतो.

भेटायला येणारी माणसं आईचं सांत्वन करायची. "तुम्ही कशात कमी केलं नाही हो. विलायती औषधसुद्धा आणलंत." आई मान हलवायची. ते ऐकायला तिला बरं वाटायचं, हे मला दिसायचं. बाटली तिनं देवाच्या फळीवर ठेवली. तिच्यात अजून अर्धुकं उरली होती. दादा संपला आणि औषध उरलं. ती रोज फळी पुसायची, बाटली उचलून पुसून परत ठेवायची, आणि ती खुळखुळायची.

मी मात्र बरी होत गेले. काय सांगू, त्या बरं होण्याची मला इतकी लाज वाटायची. गाल वर आले, भूक लागायला लागली, चाळीतल्या बायका म्हणायच्या, पोरगी सुधारली हो. मी तिसरी भाकरी मागायची नाही. आई मला वाढताना माझ्याकडे बघायची नाही, ताट सरकवायची आणि पाठ करायची. समोरच्या चाळीत एक माणूस अगदी दादासारखा खोकायचा. तो आवाज आला की आम्ही दोघी हातातलं काम थांबवायचो, दाराकडे बघायचो, मग एकमेकींना चुकवून पुन्हा कामाला लागायचो. चपलांच्या ढिगात त्याच्या चपला होत्या, त्या कुणी हलवल्या नाहीत. मला खात्री होती की आईच्या मनात एकच आहे, की उलटं व्हायला हवं होतं. मी जायला हवी होते. मी तिचा रागराग करायची. एका खोलीत राहून आम्ही कामापुरतं बोलायचो.

मी मास्तरीण झाले, पालिकेच्याच शाळेत. रोज खडू हातात. पहिले काही महिने फळ्यावर लिहून झालं की मी बोटं साबणानं धुवायची.

मग महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. लालबागला दिव्यांच्या माळा, गुलाल, ढोल. दादा असता तर चाळीच्या छपरावर चढला असता. आई गॅलरीत आली नाही. आत अंधारात बसली होती आणि खोकत होती. तिचा खोकला मी बरेच दिवस ऐकत होते, पण मला वाटायचं माझ्याच कानात तो जुना खोकला आहे. माळांचा उजेड दारातून आत आला तेव्हा मला तिच्या पदरावरचा रक्ताचा डाग दिसला.

मी तिला दवाखान्यात नेलं. आता माझा पगार होता, आता मला कुणाच्या बापाची भीती नव्हती. सुया तिथंच ठरल्या, पण तिथून निघाल्यावर मी तडक नाक्यावर गेले आणि तीच बाटली विकत घेतली. तेच निळं लेबल, त्याच सोनेरी रेघा. खरं सांगते, त्यात माया कमी होती आणि राग जास्त होता. घरी येऊन ती तिच्यासमोर आपटून ठेवली. म्हटलं, "घे. चांगलं औषध आणलंय. कमावते आता मी."

आईनं बाटली हातात घेतली. कानाशी नेली नाही. बराच वेळ लेबलावरून अंगठा फिरवला आणि मग ती माझ्याकडे सरकवली. "ह्यां नको," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती माझ्या डोळ्यांत बघत होती. "तुझ्यातली दी गो माका."

मला वाटलं, ती माफी मागतेय.  दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून पुडी आणली, उघडून तिच्यापुढे धरली. तिनं तळहात पुढे केला. तोच हात. मी त्यावर गोळी ठेवली, अख्खी, आणि तिनं ती घेतली.

तिनं पुढे एक दिवस चुकवला नाही. अंघोळ झाली की पाटावर बसायची आणि हात पुढे करायची. पण गोळी गिळायच्या आधी ती उजेडाकडे धरून बघायची, पूर्वीसारखीच. घाम आला की तो टिपत बसायची, खोकला वाढला की तिच्या तोंडावर काहीतरी मोकळं झाल्यासारखं दिसायचं. मला ते कळायला वेळ लागला. एकदा ती झोपेत दादाशी बोलल्यासारखी पुटपुटली, "खडूच होतो, झिला," खडूच होता तो, पोरा, आणि मी अंथरुणात उठून बसले. ती बरं व्हायला गोळ्या घेत नव्हती. ती गोळी खोटी निघावी म्हणून घेत होती. गोळी खोटी निघाली असती तर त्या दुपारी तिनं दादाच्या हातातून खडूच काढला असं ठरलं असतं, दुसरं काही नाही. त्यासाठी ती मरायला तयार होती. आई नकोशी व्हावी इतका राग मी केला होता तिचा, आणि आता मी देवाकडे एकच मागत होते, की ती बरी होऊ दे. म्हणजे ती गोळी खरी होती हे तिला कायमचं कळू दे असंच मागत होते की मी.

पावसाळा सरला आणि तिचा खोकला थांबला. दिवाळीनंतर आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं, छातीचा फोटो खिडकीला लावून बघितला. मग चष्मा वर करून म्हणाल्या, "छान. डाग भरत आला, वजनही वाढलं. मावशी, गोळ्या लागू पडल्या तुम्हाला."

आईनं पदर नीट केला, त्यांना नमस्कार केला आणि बाहेर आली. बाहेरच्या पायरीवर, जिथं तिनं एकदा माझं तोंड पदरानं झाकलं होतं, तिथं ती सगळ्यांच्या देखत बसली. डोक्यावरचा पदर खाली घसरला तरी तिनं तो वर घेतला नाही. पुडी तिच्या मुठीत होती. मी शेजारी बसले. तिनं माझं मनगट हातात घेतलं, जिथं अडकित्त्याची मूठ लागली होती तिथं, आणि ती रडायला लागली, दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

"खडू नव्हतो गो तो," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नाही, आई. नव्हता."

माणसं वळसा घालून पायऱ्या चढत उतरत होती. ती थांबेपर्यंत मी तशीच बसून राहिले, मग तिला हाताला धरून उठवलं आणि आम्ही घरी आलो.